यकृताच्या रुग्णाची रोजची गोळी : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

दीर्घकालीन यकृतविकाराचा रुग्ण पुन्हा दवाखान्यात भरती होतो तेव्हा केसपेपरवर कारण लिहिले जाते: रक्ताची उलटी, पोटात पाणी, भान हरपणे. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत कोणती गोळी कधी आणि कशामुळे बंद पडली, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेले नसते. रुग्णाला ते ठाऊक असते, घरच्यांनाही असते, पण विचारले जात नाही. विचारले तर रागावण्याच्या सुरात विचारले जाते आणि मग खरे उत्तर मिळत नाही. औषध नियमित घेणे हा रुग्णाच्या शिस्तीचा प्रश्न आहे, असे मानण्याची रीत पडली आहे. ती रीत चुकीची आहे. औषधात खंड न पडणे हे औषध हाताशी मिळण्यावर, ते कशासाठी आहे हे कळण्यावर आणि त्याचा हिशेब कोणीतरी ठेवण्यावर अवलंबून असते. ही तिन्ही कामे आरोग्यव्यवस्थेची आहेत.

यकृताला वर्षानुवर्षे इजा होत राहिली की जखमा भरताना तंतुमय व्रण साचत जातात आणि मऊ यकृत कडक, गाठीगाठींचे होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. दारू, बी आणि सी प्रकारचे हिपॅटायटिस, मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारी यकृतातली चरबी, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर केलेला हल्ला, तांबे साठवणारा आनुवंशिक विल्सन रोग, अशी त्याची कारणे अनेक आहेत. पुढचा प्रवास मात्र बराचसा सारखा असतो. आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला रस्ता अडतो आणि मागे दाब वाढतो. निरोगी माणसात यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांमधला दाबाचा फरक पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटरइतका असतो. तो १० च्या वर गेला की संकटे सुरू होतात. १२ च्या वर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याचा धोका उभा राहतो.

पहिल्या टप्प्यात रुग्ण हिंडता-फिरता असतो, शेतावर जातो, दुकान सांभाळतो. हा टप्पा दहा-दहा वर्षेही टिकू शकतो. दुसऱ्या टप्प्यात जलोदर, रक्तस्राव, कावीळ आणि यकृतजन्य मेंदूविकार येतात, आणि आयुष्याचा हिशेब वर्षांवरून महिन्यांवर येतो. औषधांचे खरे काम पहिला टप्पा लांबवण्याचे आणि दुसऱ्या टप्प्यातले पुढचे संकट अडवण्याचे आहे.

अडचण इथेच आहे. यातली बहुतेक औषधे घेतल्याने रुग्णाला बरे वाटत नाही. डोकेदुखीची गोळी घेतली की डोके दुखायचे थांबते. प्रोप्रॅनोलॉल घेतले की थकवा येतो, लॅक्ट्युलोज घेतले की पोट फुगते, स्पायरोनोलॅक्टोन घेतले की रात्री उठावे लागते. जे टळले ते दिसत नाही आणि जो त्रास झाला तो रोज जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांच्या नियमितपणावर अहवाल काढला. विकसित देशांतही जुनाट आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात, असे त्यात नोंदवले आहे. यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक विचार आड येतो आणि तो वरवर अगदी तर्कशुद्ध वाटतो: लिव्हर आधीच खराब, त्यात इतक्या गोळ्या, म्हणजे ते आणखी खराब होणार. कोणत्या गोळ्या यकृताला खरेच घातक आहेत आणि कोणत्या त्याला सावरून धरतात, हे कोणी समजावून सांगितलेले नसते. त्यामुळे सावरणाऱ्या गोळ्या बंद होतात आणि घातक गोळ्या गल्लीतल्या मेडिकलमधून येत राहतात.

प्रोप्रॅनोलॉल ही गोळी रक्तदाबाची म्हणून ओळखली जाते. फ्रान्समध्ये दिदिये लेब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-८१ च्या सुमारास दाखवून दिले की, या गोळीने पोर्टल शिरेतला दाब कमी होतो आणि शिरा फुटून पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण घटते. तेव्हापासून ही गोळी, आणि पुढे तिच्याच जातीचे कार्व्हेडिलॉल, सिरॉसिसच्या उपचाराचा कणा आहेत. मात्रा नाडीवर ठरते. विश्रांतीत नाडी मिनिटाला ५५ ते ६० ठोक्यांवर येईपर्यंत प्रोप्रॅनोलॉल हळूहळू वाढवतात आणि वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाणार नाही याकडे लक्ष ठेवतात.

एकदा शीर फुटून रक्ताची उलटी झाली की पुढच्या सहा आठवड्यांत शंभरातले पंधरा ते वीस रुग्ण दगावतात. जे वाचतात त्यांना प्रतिबंधक उपचार मिळाला नाही, तर वर्ष-दोन वर्षांत साठ टक्क्यांच्या आसपास रुग्णांना पुन्हा रक्तस्राव होतो. दुर्बिणीतून शिरांना रबरी बँड टाकले की रुग्णाला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात बँड शिरेवर असतो, दाब कमी करण्याचे काम गोळीच करते. गोळी बंद पडण्याची एक वाट तर डॉक्टरांच्याच दारातून जाते. सिरॉसिसमध्ये रक्तदाब मुळात कमी असतो. गावातला डॉक्टर सर्दी-तापासाठी तपासतो, बीपी १०० पाहतो आणि म्हणतो, बीपी तर कमीच आहे, मग ही बीपीची गोळी कशाला? गोळी त्या दिवशी थांबते. अचानक थांबवल्यावर पोर्टल शिरेतला दाब उसळी घेतो, हे त्या डॉक्टरला कोणी कळवलेले नसते, कारण डिस्चार्ज कार्डावर गोळी कशासाठी दिली आहे ते लिहायची पद्धत नाही. काही वेळा ती थांबवणे योग्यही असते, म्हणजे दमा असेल, रक्तदाब ९० च्या खाली गेला असेल, मूत्रपिंडे बिघडत असतील तेव्हा. पण तो निर्णय कोणीतरी जाणून घ्यावा लागतो.

जलोदरासाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांची जोडी दिली जाते, साधारण १०० ला ४० मिलिग्रॅम या प्रमाणात. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. गोळी सोडली तर पोट पुन्हा भरते आणि दर पंधरा दिवसांनी सुईने पाणी काढायची वेळ येते. पोट लवकर उतरावे म्हणून मनानेच दुप्पट घेतली तर सोडियम घसरते, मूत्रपिंडे बसतात, रुग्ण बरळू लागतो. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. म्हणून घरात वजनकाटा हवा, आणि तो नसेल तर जवळच्या उपकेंद्रात आठवड्यातून दोनदा वजन व्हायला हवे.

या गोळ्या सुटण्याची कारणे फार साधी आहेत. एसटीने तीन तास प्रवास करायचा असेल तर सकाळची गोळी कोणी घेत नाही. स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांची छाती वाढते आणि दुखते. लाजेने ते डॉक्टरांना सांगत नाहीत आणि गोळी मुकाट्याने सोडून देतात. पायात गोळे येतात, झोप मोडते. या प्रत्येक त्रासावर इलाज आहे: वेळ बदलता येते, मात्रा उतरवता येते, पर्यायी गोळी देता येते. त्यासाठी मुळात कोणीतरी विचारायला हवे. जेवणातले मीठ तर औषधाच्याच हिशेबात धरायला हवे. दिवसाला सुमारे ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, ही मर्यादा आहे. भाजीत मीठ कमी केले आणि ताटात लोणचे, पापड, ठेचा, सुकट, बोंबील तसेच राहिले, तर गोळ्या वेळेवर घेऊनही पोट उतरत नाही. मग रुग्ण म्हणतो गोळ्या लागू पडत नाहीत, डॉक्टर म्हणतात रुग्ण गोळ्या घेत नाही, आणि दोघांचाही एकमेकांवरचा विश्वास उडतो.

सर्वांत जास्त सुटणारे औषध लॅक्ट्युलोज आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया निकामी यकृताला साफ करता येत नाही, तो मेंदूपर्यंत जातो. रुग्णाची झोप उलटीपालटी होते, तो दिवसा पेंगतो आणि रात्री जागतो. अक्षर बिघडते, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात, पुढे माणसे ओळखू येत नाहीत आणि शेवटी शुद्ध जाते. लॅक्ट्युलोजचे गोड, चिकट पातळ औषध आतड्यातला अमोनिया बांधून बाहेर टाकते. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, एकदा असा झटका येऊन गेलेल्या रुग्णांपैकी लॅक्ट्युलोज घेणाऱ्या १९.६ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला, न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ४६.८ टक्के होते. हा पुरावा आपल्याच देशातला, आपल्यासारख्याच रुग्णांचा आहे.

हे औषध चमचे मोजून घ्यायचे नसते. दिवसाला दोन ते तीन मऊ शौच होतील इतके घ्यायचे असते. शौच एकदाच झाले तर मात्रा वाढवायची, पाच-सहा वेळा झाले तर कमी करायची, कारण जुलाबाने शरीरातले पाणी आटले तर त्यानेही झटका येतो. इतकी सोपी गोष्ट, पण चिठ्ठीवर लिहिलेले असते फक्त ‘३० मिलि, बीडी’. रुग्णाला वाटते हे बद्धकोष्ठतेचे औषध आहे, आणि पोट साफ होऊ लागल्यावर तो ते बंद करतो. त्याच्या दृष्टीने औषधाचे काम संपलेले असते.

मग प्रश्न येतो शौचालयाचा. कापूस वेचणाऱ्या बाईला, बांधकामावरच्या मजुराला, लोकल पकडून कामावर जाणाऱ्याला, रिक्षा चालवणाऱ्याला दिवसातून तीनदा शौचास जाण्याचे औषध कामाच्या दिवशी घेता येत नाही. हे रुग्ण औषध फक्त सुटीच्या दिवशी घेतात. आणि हिशेबाचे म्हणायचे तर ३० मिलिलिटर दिवसातून दोनदा म्हणजे महिन्याला १८०० मिलिलिटर, २०० मिलिलिटरच्या नऊ बाटल्या. औषधाच्या खिडकीवर एक बाटली मिळाली तर ती चौथ्या दिवशी संपते. उरलेल्या महिन्यासाठी ‘बाहेरून आणा’ असे सांगितले जाते. रिफॅक्झिमिन ही सोबतची गोळी रोज दोनदा घ्यायची असते आणि कित्येक कुटुंबांना ती महिनाभर परवडत नाही. पहिल्या आठवड्यात दोन, पुढच्या आठवड्यात एक, मग बंद, असा तिचा क्रम लागतो.

या आजारात एक वेगळीच कोंडी आहे. जे औषध मेंदू ताळ्यावर ठेवते, ते घेण्याची आठवण त्याच बिघडत्या मेंदूने ठेवायची असते. रुग्ण दोनदा घेतो किंवा घेतच नाही, आणि दोन्ही वेळा ‘घेतले’ असेच सांगतो. तो खोटे बोलत नसतो. म्हणून या रुग्णाचे औषध समजावताना घरातले एक माणूस समोर बसलेले असणे हा उपचाराचाच भाग आहे. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बायको असते. मजुरी, स्वयंपाक, मुले आणि रात्री जागणारा नवरा सांभाळून ती बाटल्यांचाही हिशेब ठेवते. तिच्याशी मात्र कोणी पाच मिनिटे नीट बोललेले नसते.

विषाणूजन्य हिपॅटायटिसचे चित्र वेगळे आहे, आणि शासनाला तिथे यश मिळवून दाखवता आले आहे. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि बी व सी प्रकारांच्या तपासण्या व औषधे मोफत झाली. सी प्रकारात सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर या गोळ्या साधारण बारा आठवडे घ्याव्या लागतात, म्हणजे ८४ दिवस. शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. मुदत ठरलेली असली, शेवट दिसत असला की माणसे औषध पुरे करतात. राहते ती शेवटची तपासणी. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त तपासून विषाणू गेला की नाही ते पाहायचे असते, आणि बरे वाटणारा रुग्ण त्यासाठी परत येत नाही. ज्याला आधीच सिरॉसिस झाला आहे त्याने तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका उरतोच.

बी प्रकारात शेवट दिसत नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर रोज एक, बहुतेकांना अनेक वर्षे, सिरॉसिस असेल तर आयुष्यभर. एन्टेकाविर उपाशीपोटी घ्यायची असते, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास सोडून, आणि हे अनेकांना सांगितलेलेच नसते. या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, संपवत नाहीत. अचानक बंद केल्या तर विषाणू उसळतो, यकृताला तीव्र सूज येते आणि सिरॉसिसच्या रुग्णाचे यकृत त्यात कायमचे बसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक बी आणि ५५ लाख लोक सी हिपॅटायटिससह जगत होते.

बी हिपॅटायटिसची गोळी लपवून घ्यावी लागते, हे तिच्या सुटण्याचे मोठे कारण आहे. गरोदरपणातल्या तपासणीत मुलीला बी असल्याचे कळते. विषाणूंचे प्रमाण जास्त असेल तर बाळाला लागण होऊ नये म्हणून शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर सुरू होते, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस मिळते, सगळे नीट पार पडते. मग ती सासरी जाते. गोळीची पट्टी डाळीच्या डब्यात ठेवावी लागते. कोणी विचारले तर रक्तवाढीची गोळी म्हणून सांगावे लागते. पट्टी संपल्यावर दुसरी आणायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायला कारण सापडत नाही. ती गोळी आता थांबवायची की चालू ठेवायची, हे ठरवणारी तपासणी होतच नाही. एकत्र जेवल्याने, भांड्यांतून, मिठी मारल्याने बी पसरत नाही, इतकी एक गोष्ट घराघरांत पोचली तरी कित्येक पट्ट्या डब्यातून बाहेर येतील.

संख्येने कमी पण धोक्याने मोठे असे आणखी काही गट आहेत. किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या विल्सन रोगात शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरात आणले आणि प्राणघातक आजार गोळीने आवरता येऊ लागला. मात्र गोळी जन्मभर घ्यायची असते. मूल लहान असताना आई ती उपाशीपोटी आठवणीने देते. तेच मूल सोळा-सतरा वर्षांचे होऊन शिक्षणासाठी शहरातल्या वसतिगृहात जाते, तब्येत ठणठणीत असते, आणि गोळी सुटते. काही महिने काहीच होत नाही. पुढे यकृत अचानक निकामी होऊ शकते आणि मग प्रत्यारोपणाखेरीज मार्ग उरत नाही. स्वयंप्रतिरक्षी हिपॅटायटिसमध्ये स्टिरॉइड आणि अझाथायोप्रिन मनाने थांबवले की आजार बहुतेकदा परततो. प्रत्यारोपण झालेल्यांना टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घ्यावे लागते. क्षयरोगाचे रिफाम्पिसिन सुरू झाले तर रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी घसरते, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने ती चढते. एखाद्या अनोळखी कुटुंबाने दुःखाच्या घडीला दिलेले यकृत औषधाच्या खंडामुळे शरीराने नाकारावे, यासारखे दुसरे नुकसान नाही.

काय घ्यायचे याइतकेच काय घ्यायचे नाही हेही औषधाच्या शिस्तीत येते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या सिरॉसिसच्या रुग्णाची मूत्रपिंडे बिघडवतात आणि रक्तस्राव वाढवतात. त्यामानाने पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत सुरक्षित आहे, पण लोक नेमके उलटे करतात. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटलीवर पैसे जातात आणि प्रोप्रॅनोलॉल घ्यायचे राहून जाते. गावोगावी काविळीचे औषध देणारे असतात, त्यांच्याकडे ठरलेल्या वारी रांग लागते. ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत आपोआप उतरते, म्हणून त्या औषधाची ख्याती टिकून आहे. सिरॉसिसची कावीळ मात्र तशी उतरत नाही आणि तेवढ्यात मोलाचे आठवडे निघून जातात. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, आधीच आजारी असलेल्या यकृतावर काढ्याचा प्रयोग करू नये आणि त्यासाठी चालू गोळ्या तर थांबवूच नयेत. पथ्याचेही तसेच आहे. तेल, डाळ, अंडी, दूध सगळे तोडून रुग्णाला भाताच्या पेजेवर ठेवतात आणि त्याचे दंड-मांड्या वाळत जातात. सिरॉसिसच्या रुग्णाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही लागते.

ओपीडीच्या टेबलावर रुग्णाची प्लास्टिकची पिशवी उलटी केली की व्यवस्थेतल्या सगळ्या फटी दिसतात. कात्रीने कापलेली पट्टी, ज्यावर नावही नाही आणि मुदतही नाही. एकाच औषधाचे दोन कंपन्यांचे दोन ब्रँड, एक सरकारी खिडकीवरचा आणि एक बाहेरचा, दोन्ही वेगळ्या गोळ्या समजून रोज घेतलेले. लॅक्ट्युलोजची अर्धी बाटली, झाकणाला मुंग्या. ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’ अशा इंग्रजी खुणांच्या चार चिठ्ठ्या, चार वेगळ्या अक्षरांत. तळाशी डायक्लोफेनॅकची पट्टी, ‘अंगदुखीची’. ही पिशवी दर भेटीला उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे तेवढाच वेळ पूर्ण रुग्णासाठी असतो.

औषध चालू आहे की नाही हे ओळखायला महागडी साधने लागत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याची नाडी ९० लागत असेल तर गोळी बंद आहे किंवा पुरेशी नाही. लॅक्ट्युलोजचा हिशेब शौचाच्या संख्येवरून, लघवीच्या गोळ्यांचा वजनावरून लागतो. टेनोफोविर वर्षभर घेऊनही रक्तात विषाणू वाढलेले सापडले तर आधी खंड पडला का ते विचारायचे, कारण या गोळीला विषाणू दाद न देणे फार दुर्मीळ आहे. नाडी, वजन आणि शौच यांची चौकशी आशा ताई किंवा समुदाय आरोग्य अधिकारी घरी जाऊन करू शकतात.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. १ एप्रिल २००४ पासून देशात एचआयव्हीची मोफत औषधे सुरू झाली तेव्हा मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांत होते. ही औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांनी समुपदेशक नेमले, उरलेल्या गोळ्या मोजल्या, ठरल्या तारखेला न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा केला, नाव गुप्त ठेवले. जन्मभर रोज घ्यायची गोळी, भोवती कलंक, रुग्ण गरीब आणि स्थलांतर करणारा, या सगळ्यांतून वाट काढून हजारो माणसे जगवली गेली. यकृताच्या रुग्णाला नेमकी हीच व्यवस्था हवी आहे. २०२१ पासून यकृतातली चरबी हा विषय राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात आला आहे. फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, प्रोप्रॅनोलॉल, लॅक्ट्युलोज, टेनोफोविर ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क आहेत. महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले आहे. सगळे भाग तयार आहेत, ते जोडायचे राहिले आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असते. रक्ताची उलटी होऊन आलेल्या रुग्णावरचा हजारो रुपयांचा खर्च शासन भरते. ती उलटी टाळणाऱ्या, रोज काही रुपयांच्या गोळीसाठी रुग्णाने स्वतःचा खिसा चाचपायचा असतो. ही मांडणी माणुसकीला धरून नाही आणि तिजोरीलाही परवडणारी नाही. सिरॉसिसच्या रुग्णाला घरी सोडताना किमान तीन महिन्यांची औषधे योजनेच्या खर्चातच दिली जावीत. त्यापुढे ती आरोग्यवर्धिनी केंद्रावर मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणे पूर्ण महिन्याची मिळावीत, लॅक्ट्युलोजच्या नऊ बाटल्या लागत असतील तर नऊ.

बीड, अहिल्यानगर, जालन्याचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या हातात पंधरा दिवसांच्या गोळ्या ठेवून ‘पुढच्या वेळी इथेच या’ म्हणणे म्हणजे औषध बंद करायला सांगणेच आहे. त्यांना निघताना तीन महिन्यांचा साठा मिळावा आणि राज्यातल्या कोणत्याही सरकारी केंद्रावर त्याच कार्डावर पुढचा साठा घेता यावा. आषाढीच्या वाटेवरही आरोग्य पथके असतात. वारकऱ्याच्या कार्डावर औषधांची नावे मराठीत असतील तर त्यांनाही मदत करता येईल.

डिस्चार्ज कार्ड मराठीत असावे, औषधाच्या मूळ नावासह. प्रत्येक गोळीसमोर ती कशासाठी आहे आणि कोणाला न विचारता थांबवू नये, हे एका ओळीत लिहिलेले असावे, म्हणजे गावातला डॉक्टरही ते वाचेल. घरातल्या एका व्यक्तीला नाव घेऊन बोलावून समजावल्याशिवाय रुग्णाला सोडू नये. घरी गेल्यावर आठवड्याच्या आत एक फोन जावा. बी हिपॅटायटिसची औषधे द्यायची जागा अशी असावी की, रांगेतल्या इतरांना कारण कळू नये. आणि पुन्हा भरती झालेल्या प्रत्येक यकृतरुग्णाच्या केसपेपरवर एक रकाना असावा: कोणते औषध, किती दिवस, कोणत्या कारणाने सुटले. तो न रागावता भरला जावा. वर्षभरात त्या रकान्यांतून विभागाला कळेल की किती उलट्या, किती झटके औषध न मिळाल्यामुळे झाले. त्या आकड्यांवरून पुढच्या वर्षीची औषधखरेदी ठरवावी.

यातले पहिले पाऊल एका परिपत्रकाने टाकता येते. ते परिपत्रक काढावे आणि केसपेपरवरचा हा रकाना येत्या जागतिक हिपॅटायटिस दिनापासून, २८ जुलैपासून, सर्व जिल्हा रुग्णालयांत सुरू करावा, ही विनंती.

कळावे.